मदत हवी आहे: दोन मॉर्मन मिशनरी पोरं गुरुवारी जेवायला येतायत

नमस्कार मंडळी,

आम्ही ॲरिझोनात चँडलरला राहतो. नवरा चिपच्या कारखान्यात, मी घरून काम करते. सासूबाई सध्या सहा महिन्यांसाठी मिरजेहून आल्या आहेत आणि त्यांनी येत्या गुरुवारी दोन मॉर्मन (अमेरिकेतला एक धर्मपंथ) मिशनरी पोरांना जेवायला बोलावून ठेवलंय. मला न विचारता. माझ्या हातात चार दिवस आहेत, म्हणून हा धागा.

झालं असं. परवा दुपारी बाहेर ४३ डिग्री. मी वर मीटिंगमध्ये. बेल वाजली, आईंनी दार उघडलं. दारात दोन पोरं, पांढरा शर्ट, टाय, हातात सायकलची हेल्मेटं. शर्ट पाठीला चिकटलेले. आई त्यांच्या इंग्रजीत "कम, कम, सिट" म्हणाल्या, तर पोरं उंबऱ्याबाहेरच थांबली आणि विचारायला लागली, घरात तुमचे मिस्टर किंवा मुलगा आहे का? आई तडक जिना चढून माझ्याकडे. "अगं, घरात पुरुष माणूस आहे का म्हणून विचारतायत. चोरबिर असतील." मग जरा थांबून, "पण चेहऱ्यावरून चांगल्या घरचे वाटतात."

मी खाली येईपर्यंत त्यांनी आलं किसून चहाचं आधण ठेवलं होतं. ४३ डिग्रीत! ट्रे घेऊन दारात गेल्या तर पोरं लाल झाली. सॉरी मॅम, आम्ही चहा पीत नाही. आईंचा चेहरा असा पडला की विचारू नका. शेवटी गार पाणी दिलं, दोघांनी उभ्याउभ्या तीन-तीन पेले संपवले. तेवढ्यात त्यांना माझ्या गाडीच्या डिकीत तांदळाची दोन पोती आणि आट्याची पिशवी दिसली. विचारलं आणि उचलून गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. संपलं. आई विरघळल्या. "थर्सडे. डिनर. माय सन होम." पोरांनी फोनमध्ये लिहूनसुद्धा घेतलं.

दोघांच्या काळ्या पाटीवर 'एल्डर' लिहिलंय. आईंना आधी वाटलं दोघांचं नाव एकच, म्हणजे जुळे. एल्डर म्हणजे वडीलधारा असं सांगितल्यावर म्हणाल्या, "एकोणीस वर्षांचा वडीलधारा?"

तर जेवायला काय करू, प्यायला काय देऊ? आम्हाला धर्म बदलायचा नाही, हे त्यांचं मन न दुखवता कसं सांगू? पैसे किंवा काही भेट द्यायची असते का? आणि खरं सांगायचं तर ही पोरं आहेत कोण, दिवसभर करतात काय, त्यांच्याकडे बघतं कोण? एकाचे हात कोपरापर्यंत भाजल्यासारखे लाल झालेत. आई रोज संध्याकाळी विचारतात, यांना पगार किती?

– मिरजेची_सून

*

वाळवंटातला_बगळा:

पगार शून्य. उलट तेच पैसे भरतात. अमेरिकेतून जाणाऱ्याला महिन्याला ५०० डॉलर (२०२० च्या आधी ४०० होते). त्याने स्वतः साठवलेले, नाहीतर घरच्यांनी भरलेले. नेमणूक ब्राझीलला होवो नाहीतर शेजारच्या राज्यात, रक्कम तीच. कुठे जायचं ते चर्च ठरवतं, हा फक्त अर्ज करतो. त्यातूनच त्यांना महिन्याच्या खाण्यापिण्यापुरते पैसे मिळतात आणि बरीचशी जेवणं चर्चच्या लोकांकडे होतात. तुमच्याकडचं जेवण ही त्यांच्यासाठी मेजवानी आहे, निर्धास्त राहा.

मी मेसाला राहतो. ते गावच मुळी मॉर्मन लोकांनी १८७८ मध्ये वसवलेलं, त्यामुळे ही पोरं मला आपल्याकडच्या पोस्टमनइतकी ओळखीची आहेत.

दारातल्या प्रश्नाचं आईंना नीट सांगा. एकट्या बाईच्या घरात दोन तरुण मुलग्यांनी जायचं नाही असा त्यांचा नियम आहे. मुली मिशनरी असतात त्यांनाही हेच, उलट बाजूने. त्यात अपमान नाही. मर्यादा म्हटलं की आईंना बरोबर समजेल.

चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. १८३३ साली जोसेफ स्मिथ या त्यांच्या संस्थापकाला जो आदेश मिळाला असं ते मानतात, त्यात 'गरम पेयं' घेऊ नका असं आहे आणि त्याचा अर्थ चहा आणि कॉफी असा लावतात. मजा म्हणजे गरम असणं हा मुद्दाच नाही. आइस टी चालत नाही, गरम कोको चालतो. चहापूड न घालता नुसता गवती चहा चालेल, पण त्याला 'टी' म्हणू नका, बिचारे घाबरतील. कोला चालतो. कोकम सरबत, पन्हं, ताक, काहीही करा. मांसाहार चालतो, पण तुम्ही करत नसाल तर मुद्दाम करू नका. तिखट मात्र निम्मं. निम्म्याचंही निम्मं.

आणि हो, तुमच्याकडे स्विमिंग पूल असेल तर "या, डुंबा" म्हणू नका. मिशनवर पोहायला बंदी आहे.

*

शंकासुर:

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. गोणी उचलून देणं वगैरे हीच पद्धत असते. आज गोणी, उद्या पुस्तक, परवा बाप्तिस्मा. घरात वयस्कर बाई दिवसभर एकटी, बोलायला कुणी नाही. सावध राहा. मी तर दारच उघडत नाही.

*

नगरवाला:

शंकासुर, मी स्वतः नगरचा ख्रिस्ती, तीन पिढ्यांचा. आमच्याकडे यांना आमच्यातले मानत नाहीत, बायबलखेरीज त्यांचा वेगळा ग्रंथ आहे, मतभेद मोठे आहेत. म्हणजे मी काही त्यांचा वकील नाही. पण गुपचूप बाप्तिस्मा होत नाही हो. आधी कित्येक भेटींत शिकवणी, चर्चला हजेरी, मग वेगळ्या माणसाकडून मुलाखत. आईंना मनातून नको असेल तर काही होणार नाही. मदतीमागे हेतू असतो हे बरोबर. तो ते लपवत नाहीत, छातीवर पाटी लावून फिरतात.

मिरजेच्या माणसाला मिशन म्हटलं की वानलेस डॉक्टरांचं हॉस्पिटल आठवणार. तसं हे नव्हे. तिथे डॉक्टर कित्येक दशकं येऊन राहिले. इथे ही पोरं, मुलगे दोन वर्षं, मुली दीड वर्ष, आणि मग घरी, कॉलेजला.

*

मिरजेची_सून:

नगरवाला, अगदी! आईंचा जन्म त्याच हॉस्पिटलातला. "मिशनची पोरं आहेत" म्हटल्यावर पहिलं वाक्य हेच आलं की मग बीपी बघता येत असेल यांना.

शंकासुर, राग नाही. तुमचं 'दिवसभर एकटी' मात्र लागलं. ते खरं आहे.

*

लीहाय_ते_लांजा:

मी यूटामध्ये लीहायला नोकरी केली पाच वर्षं. आमच्या टीममधले निम्मे लोक मिशन करून आलेले. कुणी जपानी बोलायचा, कुणी पोर्तुगीज. एक जण बंगळूरला राहून आलेला, तो मला 'स्वल्प ॲडजस्ट माडी' म्हणायचा. जेवणाच्या सुट्टीत ऐकलेल्या गोष्टींवरून सांगतो.

सकाळी साडेसहाला उठणं, रात्री साडेदहाला दिवे बंद. उठल्यावर अर्धा तास व्यायाम, मग ग्रंथवाचन, आधी एकट्याने आणि मग जोडीदाराबरोबर. दुसरी भाषा असेल तर तिचाही अभ्यास. दहाच्या सुमाराला बाहेर, रात्री नऊपर्यंत. दारं वाजवायची, रस्त्यात लोकांशी बोलायचं, ठरलेल्या भेटी, मध्येच कुणाचं घर हलवायला मदत, कुणाचं अंगण साफ कर. ऐंशी टक्के दारं बंदच होतात असं तो बंगळूरवाला म्हणायचा. आकडा त्याचा, अंदाजाचा. टीव्ही नाही, सिनेमा नाही, गर्लफ्रेंडला भेटणं नाही. मिशन सोडताना त्याला तिथल्या बॉसने विचारलं काय शिकलास, तर म्हणे नकार ऐकून पुढच्या दाराला त्याच चेहऱ्याने जायला. आता सेल्समध्ये आहे, नवल नाही.

जोडीदार हा सगळ्यात अवघड भाग. चर्च जोडी लावून देतं, आपण निवडायचा नाही, आणि त्याला सोडून कुठे जायचंच नाही. बाथरूम सोडून. साधारण सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात, तेव्हा जोडी फुटते किंवा तशीच राहते. घोरणारा मिळाला तर सहा आठवडे घोरणं ऐका. लग्नाची तालीम आहे असं सगळे हसून सांगायचे.

आठवड्यातला एक दिवस, बहुतेक सोमवार, 'पी-डे', म्हणजे तयारीचा दिवस. कपडे धुणं, वाणसामान, केस कापणं, थोडं भटकणं. त्या दिवशी घरी फोन. २०१९ पर्यंत वर्षातून फक्त दोनदा फोन करता यायचा, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी पत्र नाहीतर ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल होतो. आमच्या जुन्या लोकांना याचा फार राग, "आम्ही नाही का काढली दोन वर्षं?" रॅगिंग झालेल्या सिनियरांसारखा.

आणखी एक गोष्ट, जी कुणी मोठ्याने बोलत नाही. एक सहकारी पाचव्या महिन्यात तब्येतीमुळे परत आला होता. तिकडे ओळख झाली की दुसरा प्रश्न "तू कुठे गेला होतास मिशनला?" असा येतो. हा गावाचं नाव सांगायचा आणि विषय बदलायचा. दहा वर्षांनंतरही. म्हणून त्या पोरांना "कंटाळा येत नाही का, परत जावंसं वाटत नाही का" असं विचारू नका. घरचं विचारा. भावंडं किती, आई काय करते. तेवढ्यावर एक तास निघेल, आणि ते थांबतातही साधारण तासभरच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. 'बघू' म्हणू नका. आपलं 'बघू' म्हणजे नाही. त्यांच्या फोनमधल्या ॲपमध्ये 'बघू' म्हणजे इच्छुक. यांची बदली झाली की ती नोंद पुढच्या जोडीकडे जाते, तिच्यापुढच्या जोडीकडे जाते, आणि तुम्ही दोन वर्षं दर महिन्याला नवीन दोन चेहऱ्यांना 'बघू' म्हणत राहता. माझ्या बायकोचं हेच झालं. पहिल्या भेटीतच सांगा, आम्ही हिंदू आहोत, तसेच राहणार, पाहुणे म्हणून कधीही या. त्यांना वाईट वाटत नाही. दिवसभरातलं सगळ्यात सभ्य 'नाही' असतं ते.

पैसे नका देऊ. सनस्क्रीन द्या.

*

वाळवंटातला_बगळा:

सनस्क्रीनला +१. आणि सायकलला लावायच्या पाण्याच्या बाटल्या.

*

मिरजेची_सून:

मंडळी, झाला गुरुवार. वृत्तांत देते.

पोरं सहाला म्हणजे सहाला दारात. या वेळी नवरा दारात उभा होता, त्यामुळे आत आली. बूट न सांगता बाहेर काढले. आईंनी चहाचा बदला घेतला. दोन वाट्यांत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी. "उन्हातून आलेल्या माणसाला आमच्यात हेच देतात, चहा नंतर आला." हे मी भाषांतर करून सांगितलं. दोघांनी गूळ खाल्ला, एकाने विचारलं आणखी आहे का. तिथेच जिंकला तो.

एक आयडाहोचा, घरी बटाट्याची शेती. पिवळ्या भाजीतला बटाटा हातात घेऊन कुठल्या जातीचा ते सांगत होता. दुसरा पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांचा. त्याचं इंग्रजी आणि आईंचं इंग्रजी एकाच मापाचं, त्यामुळे त्या दोघांचं आमच्यापेक्षा छान जमलं. पुरी हाताने तोडून खाणंही त्याला शिकवावं लागलं नाही. तो अकरा पुऱ्या जेवला, मी मोजल्या नाहीत, आईंनी मोजल्या. श्रीखंडाला आयडाहोवाला आधी दही म्हणून घाबरला, मग वाटी पुसून खाल्ली.

जेवणाआधी त्यांनी विचारलं, प्रार्थना केली तर चालेल का. आई म्हणाल्या, आधी आमची. आणि डोळे मिटून लहानपणीचा श्लोक म्हटला, पूर्ण. मग त्यांची झाली. पानं वाढलेली, दोन प्रार्थना, पुऱ्या गार.

नवऱ्याने लीहाय_ते_लांजा यांचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आयडाहोवाला हसला, म्हणाला, थँक यू, इतक्या सरळ कुणी सांगत नाही. मग मला फोनमध्ये काहीतरी लिहिताना दिसला. काय लिहिलं देव जाणे. शंकासुर, पुस्तक काढलं नाही, फक्त एक कार्ड ठेवून गेले. ते फ्रिजवर आहे, एलआयसीच्या कॅलेंडरशेजारी.

जेवण झाल्यावर टोंगावाला ताटं घेऊन सिंककडे निघाला आणि आई त्याच्या मागे. पाहुण्याने भांडी घासायची? तो सोडेना, या सोडेनात, एका ताटाला दोघं धरून उभे. शेवटी तडजोड झाली, त्याने विसळली, यांनी पुसली. तेवढ्यात आईंनी विचारून घेतलं, तुझी आई काय करते. त्याला बोलता बोलता थांबायला झालं. पुढे आईंनी काही विचारलं नाही. नुसतं ताट पुसत राहिल्या.

सनस्क्रीनच्या दोन ट्यूब दिल्या. लाल हातवाल्याने तिथेच लावली.

आता नवीन प्रश्न. पुढच्या आठवड्यात बदल्या आहेत आणि टोंगावाला जाणार असं त्याला वाटतंय. आईंनी बेसन भाजायला घेतलंय. सामान म्हणजे त्याच्या दोन बॅगा, गाडी दुसऱ्याची, आणि बाहेर ४४. लाडू तूप सोडतील का? की चिवडा देऊ? आई म्हणतात लाडूच. कुणी या उन्हात लाडू नेले असतील तर सांगा, डबा कुठला घेऊ?