मदत हवी आहे : फुफ्फुस प्रत्यारोपणानंतर एक्मो, कोणाला अनुभव?

नमस्कार मंडळी. दादाचं (वय ४४, आयएलडी म्हणजे फुफ्फुसं घट्ट होत जाण्याचा आजार) परवा रात्री दोन्ही फुफ्फुसांचं प्रत्यारोपण झालं. फुफ्फुसाच्या धमनीतला दाब आधीच वाढलेला, त्यामुळे ऑपरेशनपुरतं व्हीए एक्मो (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं मशीन; व्हीए म्हणजे शिरेतून धमनीत) लावणार हे ठाऊक होतं. ते निघालंही. पण काल नव्या फुफ्फुसांत पाणी भरलं, ऑक्सिजन टिकेना, म्हणून आता व्हीव्ही (शिरेतून शिरेत) एक्मो. हे रिजेक्शन (शरीराने नवा अवयव नाकारणं) नाही, पीजीडी (नव्या फुफ्फुसांना प्रत्यारोपणानंतर लगेच होणारी इजा) आहे, पहिल्या ७२ तासांत होऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले.

मला कळलं ते असं : मांडीच्या शिरेतून काळपट रक्त बाहेर येतं, मशीनमधल्या पडद्यातून ऑक्सिजन घेऊन मानेच्या शिरेत परत जातं. व्हीएमध्ये ते धमनीत जातं, म्हणून हृदयालाही आधार मिळतो. व्हीव्हीमध्ये हृदय स्वतःच्या बळावर. चुकत असेन तर सांगा. (त्या दोन जाड नळ्या बघून वहिनी मटकन खालीच बसली.)

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना विचारतो. मशीन किती दिवसांनी निघालं? काढण्याआधी त्यातला गॅस कमी करत बघतात म्हणे, तेव्हा पेशंट जागा होता का? हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू आहे आणि छातीच्या ड्रेनमधून रक्तही येतंय. दोन्हीचा मेळ तुमच्या डॉक्टरांनी कसा घातला? नळीच्या पायाला सूज किंवा गारपणा आला होता का?

खर्चाचं नंतर बघू. रात्री आयसीयूबाहेरच असतो, कधीही लिहा.