मदत हवी आहे: मुलगा टॅबवर फक्त 'हवंय' दाबतोय

अक्कलकोट_रोड: मुलगा ऑटिस्टिक आहे, अजून बोलत नाही. टॅबवर चित्रांचा बोर्ड असलेलं अ‍ॅप दिलंय, चित्र दाबलं की शब्द ऐकू येतो. तो दिवसभर 'हवंय' एवढंच बटण दाबतो. बाकी ३९ चित्रांकडे ढुंकून बघत नाही. दर आठवड्याला मांडणी बदलली, रंग बदलले, तेच. काल टॅब भिरकावला. थेरपीची तारीख लांब आहे. लवकर सांगा.

जुळे_सोलापूर_७: वय? अँड्रॉइड की आयपॅड? यूट्यूब त्याच टॅबवर आहे का? कानांची तपासणी? घरात भाषा कोणती? हे कळल्याशिवाय सगळे अंदाजपंचे.

पोस्टमन_काका: गहू आणि दूध बंद करा. २१ दिवसांत फरक.

जुळे_सोलापूर_७: काका, प्रश्न काय, उत्तर काय! त्याने बोलणं सुधारतं याला भक्कम पुरावा नाही. आधीच मोजकं खाणाऱ्या पोराच्या ताटातले आणखी दोन पदार्थ जातील, एवढंच.

शेंगाचटणी: सोलापुरात गहू बंद करून काय साधणार, इथं कडक भाकरी आहेच की.

अक्कलकोट_रोड: भाकरीचं नंतर बघू ओ. वय ४. अँड्रॉइड. यूट्यूब त्याच्यावरच, दुसरा टॅब कुठून आणू? बेरा (कानांची तपासणी) झाली, नॉर्मल. बोर्ड मराठीत आहे.

वेल्क्रो_पट्टी: टॅब कपाटात ठेवा, पेक्स सुरू करा, म्हणजे चित्राचं कार्ड समोरच्याच्या हातात देऊन मागायला शिकवणं. १९८५ पासूनची पद्धत आहे. दोन मोठी माणसं लागतात. समोरचा आवडती वस्तू धरून गप्प बसतो, मागचा मुलाचा हात कार्डापर्यंत नेतो आणि ते समोरच्याच्या तळहातावर ठेवायला मदत करतो. मग ही मदत कमी करत न्यायची. 'काय पाहिजे?' विचारायचं नाही, नाहीतर मूल विचारण्याची वाट बघत बसतं. सुरुवातीला एकच कार्ड. दोन चित्रांतला फरक तिसऱ्या टप्प्यात.

जुळे_सोलापूर_७: टॅब काढून घेणं म्हणजे तोंडाला पट्टी लावणं. शिवाय पेक्समध्ये 'बघ, कुत्रा' असं नुसतं सांगणं सहाव्या टप्प्यात येतं, तोवर मागण्याच. मागणं या पोराला येतंय, गाडी त्यापुढे अडलीय.

वेल्क्रो_पट्टी: येतंय कशावरून? बटण दाबणं वेगळं, माणसाकडे जाऊन मागणं वेगळं. ताई, तो दाबतो तेव्हा समोर कोण असतं?

अक्कलकोट_रोड: सासूबाई. त्या बिस्किट देतात.

वेल्क्रो_पट्टी: त्या त्याच्याशी मराठीत बोलतात?

अक्कलकोट_रोड: तेलुगूत. पूर्व भागातले आहोत, त्यात सांगण्यासारखं काय?

जुळे_सोलापूर_७: तेच तर सांगायचं होतं! कानावर दिवसभर 'कावाली' (तेलुगूतलं 'पाहिजे') आणि बोटाखाली 'हवंय'. आणि प्रत्येक दाबण्याला बिस्किट, मग दुसरं बटण त्याने का शोधावं?

आधी मांडणी बदलणं थांबवा. बोट जागा लक्षात ठेवतं. तुम्ही दर आठवड्याला त्याचा कीबोर्ड उलटापालटा करताय. नवे शब्द रिकाम्या चौकटीत टाका, जुने हलवू नका.

'हवंय' काढून त्याच जागी 'पाहिजे' लिहा. हवा-हवी-हवं लिंगाप्रमाणे बदलतं, 'पाहिजे' बदलत नाही, आणि आपल्याकडे बोलतातही तेच. सोबत नको, आणखी, थांब, संपलं, मदत, उघड, दे, बघ. यातले 'नको' आणि 'थांब' नसतील तर मूल टॅबच भिरकावतं.

मग तुम्ही दाबायचं. डबा उघडताना 'उघड' म्हणत बटणावर बोट. एका वेळी एकच शब्द, मग १० सेकंद गप्प. 'बोल, दाब' म्हणायचं नाही, त्याचा हात धरायचा नाही. तो दाबेल न दाबेल, तुम्ही हे महिनोन्महिने करायचं. लोक आठवड्यात कंटाळतात आणि अ‍ॅपला नावं ठेवतात.

पार्क_चौक: आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रांचं अ‍ॅप घ्या. मोफत, मराठीत.

जुळे_सोलापूर_७: जेलो चांगलं आहे, पण आत्ता अ‍ॅप बदललं की जागा परत बदलल्या. आहे तेच राहू द्या. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप पिनिंग' चालू करा, पिनसकट, म्हणजे तो त्या अ‍ॅपमधून बाहेर जाणार नाही. यूट्यूब मोबाइलवर हलवा.

पार्क_चौक: यूडीआयडी (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढलं का? निरामय हा सरकारी आरोग्य विमा १ लाखापर्यंत असतो.

अक्कलकोट_रोड: विमा विचारला नाही. सासूबाई म्हणतात टॅबमुळे तोंडाने बोलायचाच नाही. त्यांना काय सांगू?

वेल्क्रो_पट्टी: इथे आमचं दोघांचं एकमत. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी चित्रं-खुणा वापरून बोलणाऱ्यांवरचे जुने अभ्यास तपासले. ज्या २७ जणांची माहिती खात्रीची होती, त्यांत एकाचंही बोलणं कमी झालं नाही. बहुतेकांचं थोडं वाढलं. त्यांतले सगळेच काही ऑटिस्टिक नव्हते, हेही सांगा, नाहीतर पुढे तुम्हालाच ऐकवतील.

आणि बोर्डाची कागदी प्रत काढाच. ए-४, तीच चित्रं, त्याच जागा, वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसीवर ट्यूबलाइट चमकते, चित्र दिसत नाही. चार्जिंग संपलं, लाइट गेली, आंघोळ, गड्ड्याची यात्रा, सगळीकडे चालते.

अक्कलकोट_रोड: प्रतीवर सासूबाईंसाठी कावाली, वद्दु (नको), इंका (आणखी) हेही घालते. पण तेलुगू लिपी यायला पाहिजे का त्यात? पोराला दोन्ही वाचता येत नाही.

जुळे_सोलापूर_७: अक्षरं पोरासाठी नसतात, बोट ठेवणाऱ्यासाठी असतात. सासूबाईंना जी वाचता येते ती. टॅबवर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करा, पंखा बंद करून.

शेंगाचटणी: मेमध्ये पंखा बंद? ताई, पहाटे करा.