गॅसकटरखाली लोखंड जळतंच

‘लोखंड जळत नाही, फार तर वितळतं’ असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. फॅब्रिकेशनवाल्याकडे गॅस कटिंग बघा. ज्योतीने पत्रा लालभडक, साधारण ९०० अंशांपर्यंत तापवायचा आणि मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडायचा. पुढे लोखंड स्वतःच जळतं! लोखंड १५३८ अंशांना वितळतं, पण त्याचं ऑक्साइड (जळताना ऑक्सिजनशी जोडून बनणारा पदार्थ) त्याआधीच, १३७७च्या आसपास पातळ होतं, म्हणून झोताबरोबर उडून जातं. स्टेनलेसवर ही युक्ती चालत नाही. त्यातल्या क्रोमियमचं ऑक्साइड वितळायला हटवादी.

घरचा पुरावा हवा तर बारीक स्टील वूल, म्हणजे केसासारख्या पोलादी तारांचा गोळा, पेटवा (जपून, ठिणग्या उडतात). जळल्यावर वजन करा, वाढलेलं दिसेल. तो चिकटलेला ऑक्सिजन. जाड खिळा मात्र पेटणार नाही, उष्णता आत पळते.