जागतिक बँकेचं किंवा जपानच्या जायका या मदत संस्थेचं कर्ज राज्यापर्यंत पोचतं कसं, आणि ते खरंच स्वस्त पडतं का?

येरळाकाठ (प्रश्न)

परदेशी कर्जाचा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे हा जवळपास फुकटचा पैसा आहे, आणि दुसरं म्हणजे राज्य गहाण पडलं. महाराष्ट्रात पोकरासाठी (बदलत्या हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीचा प्रकल्प) जागतिक बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलर मंजूर केले, स्मार्टसाठी (शेतमालाचा व्यवसाय वाढवण्याचा प्रकल्प) 2019 मध्ये 21 कोटी डॉलर. हा पैसा आधी हातात येतो की नंतर? रुपया घसरला तर फरक कोण भरतो? आणि मंजूर रक्कम वर्षानुवर्षं पडून का राहते? जाणकारांनी आकड्यांसह सांगावं.

कोषागार_नोंद

आधी घटनेतली चौकट बघा. कलम 293 प्रमाणे राज्याला कर्ज काढता येतं ते भारताच्या हद्दीतच. त्यामुळे जागतिक बँकेशी कर्जाचा करार केंद्र करतं, आणि राज्य प्रकल्पाच्या करारावर सही करतं. 2005 पर्यंत महाराष्ट्रासारख्या राज्यांना ही मदत 70 टक्के कर्ज आणि 30 टक्के अनुदान अशी मिळायची आणि विनिमय दराची जोखीम केंद्राकडे असायची. बाराव्या वित्त आयोगानंतर 'बॅक टू बॅक' पद्धत आली. ज्या चलनात, ज्या व्याजाने आणि ज्या मुदतीने केंद्राने घेतलं, तसंच ते राज्याच्या माथी. म्हणजे रुपया घसरला की फरक राज्य भरतं. बऱ्याच लेखांत अजून जुनीच माहिती फिरते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता पैशाचा रस्ता. पैसा आधी येत नाही. राज्य अर्थसंकल्पात पूर्ण तरतूद करतं, प्रकल्प कार्यालय खर्च करतं, आणि त्या खर्चाचा अहवाल दिल्लीत आर्थिक व्यवहार विभागाच्या अखत्यारीतल्या सहाय्य लेखा नियंत्रकांकडे जातो. तिथून बँकेकडे मागणी जाते, डॉलर रिझर्व्ह बँकेत जमा होतात, त्याचे रुपये केंद्राच्या संचित निधीत जातात आणि मग राज्याकडे येतात. पोकरात शेतकऱ्यालाही हेच करावं लागतं: पूर्वसंमती, स्वतःच्या पैशाने खरेदी, बिल पोर्टलवर, मोका तपासणी, मग आधार जोडलेल्या खात्यात अनुदान. वरपासून खालपर्यंत खर्च आधी आणि भरपाई नंतर. ज्याच्याकडे पहिला पैसा नाही तो या साखळीत मागे पडतो. मला ही या पद्धतीची सर्वांत मोठी उणीव वाटते.

पैसा पडून राहण्याचं कारणही इथेच आहे. अर्थसंकल्पात तरतूद कमी पडली तर खर्च होत नाही, आणि खर्च नाही तर मागणीच करता येत नाही. लेखापरीक्षण अहवाल रखडला की पुढचे हप्ते अडू शकतात. तपासणीत एखादा खर्च 'अपात्र' ठरला तर ती रक्कम राज्याला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. आणि न उचललेल्या रकमेवर जागतिक बँक वर्षाला पाव टक्का बांधिलकी शुल्क लावते, म्हणजे पडून राहिलेलं कर्जही फुकट नसतं.

या पद्धतीला एक वेगळा प्रकारही आहे. 2014 च्या जलस्वराज्य-2 मध्ये (16.5 कोटी डॉलर) पैसा बिलांवर नाही, तर ठरलेले निकाल पडताळून झाल्यावर मिळायचा.

रोखे_आणि_व्याज

स्वस्त की महाग, हे कागद-पेन्सिल घेऊन बघू. 10 कोटी डॉलर उचलले तेव्हा दर 65 रुपये होता, म्हणजे हातात आले 650 कोटी. दर 85 झाल्यावर तेवढंच मुद्दल फेडायला 850 कोटी लागतात. 2018 ते 2025 या सात वर्षांत साधारण असंच घडलं. यातून निघणारी घसरण वर्षाला जवळपास 3.9 टक्के. डॉलरमधलं व्याज 2 टक्के असेल तर रुपयात ते 6 च्या आसपास पडतं, म्हणजे फायद्याचं. पण जागतिक बँकेचं व्याज बहुधा बदलतं असतं. ज्या दरावर ते बांधलेलं असतं, तो अमेरिकेतला एका रात्रीच्या उसनवारीचा दर 2021 मध्ये शून्याजवळ होता आणि 2023 मध्ये 5 टक्क्यांच्या वर गेला. त्यात घसरण मिळवली की 9 टक्के ओलांडतात, तर राज्याचे स्वतःचे कर्जरोखे तेव्हा साडेसातच्या आसपास विकले जात होते. रक्कम हप्त्याहप्त्याने उचलली जाते आणि प्रत्येक हप्त्याचा दर वेगळा असतो, त्यामुळे खरा हिशोब हप्तेवारच करायला हवा.

येनचं उलट झालं. 2013 च्या सप्टेंबरात 100 येनना साधारण 63 रुपये पडत होते, 2024 च्या जुलैत साधारण 53. मुंबईच्या मेट्रो-3 सारख्या प्रकल्पाच्या जायका कर्जात व्याज कमी आणि वर रुपयातलं मुद्दलही हलकं झालं. पण हे पुढेही टिकेल असं धरून अंदाजपत्रक बांधणं धोक्याचं आहे. शिवाय जायका जमीन, नुकसानभरपाई आणि करांना पैसे देत नाही. तो भार केंद्र-राज्याच्या हिश्श्यावर येतो, आणि प्रकल्प रखडला की नेमका तोच वाढतो.

येरळाकाठ

मग व्याजात फार फायदा नसेल तर राज्याने रोखेच का विकू नयेत?

पाणलोट_ते_बाजार

अटींसाठी. रोखे विकून आलेला पैसा कुठेही वळवता येतो. करारातला पैसा वळवता येत नाही आणि कामाची पद्धत बदलावी लागते. जागतिक बँकेच्या कर्जावरच्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात लाखाच्या वर लोकांचं पुनर्वसन होतं. सांताक्रुझ-चेंबूर जोडरस्त्याच्या बाधितांनी, त्यात बरेच दुकानदार, बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. 1 मार्च 2006 ला बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा पैसा थांबवला, तो जूनअखेर सुटला. रेल्वेचा हिस्सा मात्र चालू होता. स्वतःच्या तिजोरीतून चाललेल्या कामात बाधितांना अशी दाद मागायला जागा कुठे असते? उलट बाजूही सांगतो: सरदार सरोवरात स्वतंत्र आढाव्यानंतर भारताने 1993 मध्ये जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज सोडलं, पण धरण थांबलं नाही. कर्जदार पैसा सोडू शकत असेल तर अटींचा जोर तिथेच संपतो.

स्मार्टमध्ये उतरणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी थोडं सविस्तर. मंजूर खर्चाच्या 60 टक्के अनुदान मिळतं, 40 टक्के स्वहिस्सा आणि बँक कर्जातून उभे करायचे. फाइल अडते ती बहुतेक वेळा खरेदीत. तीन दरपत्रकं लागतात, आणि ती तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांची असावी लागतात. तिन्हींत 'क्लीनर-ग्रेडर' (धान्य साफ करून प्रतवारी लावणारं यंत्र) या शब्दाची एकच टायपिंगची चूक, अक्षराचं वळण एकच, दोन जीएसटी क्रमांकांचा पत्ता एकच, असं दिसलं की तपासणारा तिथेच थांबतो. मोठी खरेदी तुकडे पाडून दरपत्रकांच्या मर्यादेखाली बसवणं हाही तसाच दोष. खर्च अपात्र ठरला तर कंपनीचं बँक कर्ज मात्र चालूच राहतं.

दुसरी चूक याहून महागात पडते. अनुदान मुख्यतः इमारत आणि यंत्रांना असतं. दिवसाला 10 टनांची डाळमिल धरा. तूर 7,000 रुपये क्विंटल धरली तर रोजचा कच्चा माल 7 लाखांचा. 20 दिवसांचा साठा ठेवायचा तर 1 कोटी 40 लाख खेळतं भांडवल हवं, तेही जानेवारी ते मार्च, आवक जोरात असताना. प्रकल्प अहवालात हा रकाना बहुतेक वेळा अंदाजाने भरतात. मग शेड उभी राहते, यंत्रं बसतात, आणि हंगामात मिलला कुलूप. यंत्रांच्या कर्जाबरोबरच रोख पत मर्यादा (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायचं कर्ज) मंजूर करून घ्या. गोदाम पावतीवर कर्ज मिळेल असं गोदाम जवळ आहे का तेही आधीच बघा.

कोषागार_नोंद

वरच्या माझ्या उत्तरात एक भर. एप्रिल 2017 मध्ये केंद्राने आर्थिकदृष्ट्या भक्कम अशा राज्य संस्थांना द्विपक्षीय (म्हणजे दुसऱ्या देशाकडून मिळणारं) कर्ज थेट घ्यायची मुभा दिली. शिवडी-न्हावाशेवा पुलासाठी एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) जायकाकडून घ्यायचं ठरलेलं 15,109 कोटींचं कर्ज त्याच वाटेचं: हमी राज्याची, त्यावर प्रतिहमी केंद्राची. त्यामुळे एखादा प्रकल्प वाचताना आधी 'कर्जदार कोण' हा रकाना बघा. जागतिक बँकेचे करार आणि मूल्यांकन अहवाल त्यांच्या संकेतस्थळावर खुले असतात. व्याज, मुदत आणि कोणत्या कामाला किती टक्के, हे सगळं करारात आणि त्याच्या परिशिष्टांत सापडतं.