शनिवार-रविवार मोकळा मिळालाय, काय वाचू, काय बघू? मदत हवी आहे

मंडळी, बऱ्याच दिवसांनी दोन दिवस पूर्ण मोकळे मिळतायत. ते मोबाइल चाळण्यात घालवायचे नाहीत.

स्वयंपाकाचं ठरलंय, घरी पाव करायचा. 500 ग्रॅम मैदा, 350 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅम मीठ, चिमूटभर यीस्ट. न मळता रात्रभर झाकून ठेवायचं. गेल्या वेळी यीस्ट कडकडीत पाण्यात घातलं आणि मेलं. सकाळी झाकण काढलं तर पीठ तसंच्या तसं, वर एक बुडबुडा नाही. फार वाईट वाटलं. या खेपेला पाणी कोमटच घेईन. भाजायला मात्र घट्ट झाकणाचं भांडं हवंय, कारण वाफ आत कोंडली की कवच छान होतं. बिडाचं घेऊ की जाड स्टीलचं चालेल? खरेदी एवढीच.

पीठ फुगेपर्यंत वाचायला एका बैठकीत संपेल अशी दीर्घकथा सुचवाल का? प्रवासवर्णनही चालेल.

संध्याकाळी आईसोबत सिनेमा बघायचाय. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे सबटायटल्स हवीतच. दोन तासांच्या आतला, हाणामारी नसलेला.

स्वतः वाचलेलं-पाहिलेलंच सांगा. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळलं तर फार बरं होईल.