मुलांनी छळलं बाईंना, आणि जाब विचारायचा तोही बाईंनाच?

पानगळ
२०१२ सालचा अमेरिकेतला प्रसंग. न्यूयॉर्क राज्यात ग्रीस नावाच्या गावी शाळेच्या बसमध्ये मुलांवर लक्ष ठेवायला ६८ वर्षांच्या एक आजी होत्या. सातवीतल्या चार मुलांनी त्यांना दहा मिनिटं लठ्ठपणावरून, घामावरून वाट्टेल ते ऐकवलं, पुस्तकाने ढोसलं. एक जण तर म्हणाला, तुझ्या घरच्यांनी तुला कंटाळूनच जीव दिला. त्यांच्या मुलाने खरोखरच दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केली होती. एका विद्यार्थ्याने याचा व्हिडिओ काढला.

परवा ओळखीच्या चौघांना तो दाखवला. तिघांचा पहिला प्रश्न एकच : "पण ती गप्प का बसली?" बाकीची बस गप्प का होती, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. याचाच मला फार राग आलाय.

रोखठोक
राग समजतो, पण प्रश्न चुकीचा नाही. त्यांना नेमलं होतं तेच मुलांना आवरायला. मोठं माणूस रडतंय आणि कुणाचं काही बिघडत नाही, हे बघून बाकीची मुलं काय शिकली असतील? शाळेत थोडा तरी धाक हवाच.

पानगळ
धाक कशाच्या जोरावर? हात लावायची सोय नाही, मुलाला वाटेत उतरवता येत नाही. त्या ओरडल्या असत्या तर नेमका तेवढाच तुकडा फिरला असता. आणि त्या गप्प नव्हत्याच. चांगलं बोलता येत नसेल तर काहीच बोलू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. ते कुणाच्या लक्षातच राहत नाही.

मधली_सुट्टी
मी अकरा वर्षं एका शाळेच्या ग्रंथालयात होते. माझा एक पाय ओढत पडतो. नववीची काही मुलं माझ्या मागून तसाच पाय घासत यायची. मी थांबले की आवाज थांबायचा, चालू लागले की पुन्हा सुरू. वळून बघावं तर सगळे पुस्तकात डोकं घालून बसलेले. शेवटी वरच्या मजल्यावर जाऊन मुख्याध्यापिकांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुमच्याच बाबतीत का होतं, याचा विचार करा." मुलांचं मी विसरेन कदाचित. ते वाक्य विसरता येत नाही.

वाटसरू
वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो. त्या बसमधल्या मुलांना शाळेने वर्षभर निलंबित केलं, ५० तास ज्येष्ठांची सेवा करायला लावली. त्यांना ठार मारण्याच्या धमक्याही आल्या. आजींना सुट्टीवर पाठवायला कुणी तरी ५ हजार डॉलरचं आवाहन केलं, तर ७ लाखांच्या वर जमले. मग लोकांनी पीडितेलाच दोषी धरलं असं कसं म्हणता?

रोखठोक
७ लाख मात्र जरा अतीच झाले.

पानगळ
बघा, परत हिशेब त्यांचाच! त्यातले १ लाख डॉलर त्यांनी अशा छळाविरुद्ध काम करणारी संस्था उभी करायला दिले. मुलांवर फौजदारी गुन्हा नको, असंही त्याच म्हणाल्या.

वाटसरू, मुलांना धमक्या देणं नीचपणाच, त्यात दुमत नाही. पण लोक एवढे हळहळले कारण त्या म्हाताऱ्या होत्या आणि सोसत बसल्या. एक जरी शिवी उलट दिली असती, किंवा चाळिशीतल्या तापट बाई असत्या, तर एवढी माया मिळाली असती? मला नाही वाटत. सोसलं तर दुबळी, बोलली तर उद्धट. यातून सुटायची वाट कोणती, सांगा.

रोखठोक
हे मात्र पटतंय. 'आवरायला नेमलं होतं' यावर मी अजून ठाम आहे, पण मग आवरायचे अधिकार शाळेने द्यायला हवे होते. मधली_सुट्टी, तुम्ही मुख्याध्यापिकांना काय उत्तर दिलंत?

मधली_सुट्टी
काहीच नाही. रजिस्टर उचललं आणि निघाले. जिन्यात तीच मुलं उभी होती. मी कठडा घट्ट धरला आणि पाय घासू नये म्हणून एकेक पायरी जपून उतरले.