लॅटिन ‘पुतारे’ या क्रियापदाच्या अर्थांविषयी मदत हवी आहे
नमस्कार. ‘पुतारे’ या लॅटिन क्रियापदाचा शब्दशः अर्थ साफ करणे, विशेषतः द्राक्षवेलींची छाटणी करणे, असा आहे. जुना रोमन लेखक कातो आपल्या शेतीविषयक ग्रंथात ते छाटणीसाठी वापरतो, आणि हिशेब तपासून नक्की करण्यासाठीही. त्याच्यानंतरच्या रोमन वक्ता सिसेरोच्या लेखनात मात्र ‘मानणे, समजणे’ हा लाक्षणिक अर्थच पूर्णपणे रुळलेला दिसतो. माझी अडचण मधल्या दुव्याची आहे: हा अर्थ थेट छाटणीवरून आला, की हिशेबाच्या वाटेने? ‘कोम्पुतारे’, म्हणजे मोजणे, हे याच क्रियापदापासून बनलेले रूप पाहता मला दुसरा पर्याय अधिक पटतो. परंतु रोमन कवी व्हर्जिलच्या कृषिकाव्यात छाटणीचा अर्थही तितकाच जिवंत असल्यामुळे, रोमन वाचकाला हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे वाटत असतील का, हेही जाणकारांनी कृपया उताऱ्यांसह सांगावे.